मेल्यावर सही केलेलं कार्ड, आणि ते घेणारा शहाणा मी

लाज वाटतेय सांगायला पण सांगतोच, कारण तो माणूस अजून विकतोय.

मी बेसबॉलची कार्डं जमवतो, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, पाकिटातून मिळणारी, सात-आठ वर्षं झाली, म्हणजे अगदीच नवखा नाही आणि तरी माती खाल्ली. मिकी मँटल या जुन्या नामांकित अमेरिकन खेळाडूची सही असलेलं एक तरी कार्ड पाहिजे असं खूप दिवस डोक्यात होतं. त्याचं ओरिजिनल 1952 चं, टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं कार्ड घ्यायचा विषयच नाही, त्यातलं एक 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलंय. पण टॉप्सनी 1996 मध्ये त्याच्या जुन्या कार्डांची रीप्रिंट्स पाकिटांमधून काढली होती, ती स्वस्तात मिळतात, तर तसल्या रीप्रिंटवर खरी सही मिळाली तर काय वाईट, असा माझा हिशोब.

आणि नेमकं तेच समोर आलं. 1952 च्या डिझाइनचं रीप्रिंट, वर निळ्या मार्करनी सही, सोबत होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. लिस्टिंगमध्ये सेलरनी आपणहून लिहिलेलं की कार्ड ओरिजिनल नाही, 1996 चं रीप्रिंट आहे, पैसे फक्त सहीचे. मी तिथेच विरघळलो. स्वतःच्या मालातली खोट जो स्वतः सांगतो तो कशाला फसवेल, असं वाटलं मला. आता कळतंय की गळाला लावलेलं आमिष तेच होतं.

तरी मी तपासलं बरं का. म्हणजे माझ्या मते तपासलं. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं पण वेबसाइट होती, त्यावर नंबर टाकला तर हिरव्या अक्षरात ‘ऑथेंटिक’ असं आलं. नेटवरच्या सह्यांशी ताडून पाहिली, दोन्ही एमच्या त्या मोठ्या गोल कमानी वगैरे जुळल्या. सेलर म्हणाला अजून दोघं मागतायत, आज पैसे टाकलेस तर तुला देतो, आणि पेमेंट करताना ‘मित्र-नातेवाईक’ निवड म्हणजे फी वाचेल, तेवढे कमी करतो. मी केलं. तिथे बायर प्रोटेक्शन नसतं हे मला माहीत होतं, उगाच माहीत नव्हतं म्हणणार नाही, पण हाव सुटली की माणूस आंधळा होतो.

कार्ड आलं, महिनाभर टेबलावर मिरवलं. मग एका जुन्या कलेक्टर मित्राला फोटो पाठवला तर त्यानी सहीबद्दल चकार शब्द काढला नाही, एवढंच विचारलं, मँटल कधी गेला रे?

ऑगस्ट 1995.

कार्ड 1996 चं. मी ते हातात घेऊन नुसता बसून राहिलो. सहीच्या वळणांवर दोन तास घालवले होते मी आणि ही वजाबाकी करायला दोन सेकंद लागले असते. चिडलो त्याहून जास्त स्वतःचीच कीव आली. आणि चोरही बघा किती आळशी, टॉप्सनी 1983 मध्ये जवळजवळ अख्खा 1952 चा सेट रीप्रिंट केला होता, तेव्हा मँटल जिवंत होता, त्यातलं कार्ड घेतलं असतं तर मला आजपर्यंत पत्ता लागला नसता.

मग भिंग घेऊन बसलो. मार्कर जिथे टेकला तिथे शाईचा ठिपका, मधे दोन ठिकाणी हात थांबून परत सुरू झालेला, रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. ज्यानी आयुष्यभर हजारो सह्या केल्या त्याचा हात सपकन जातो, शेवटची रेघ बारीक होत सुटते. ही सही केलेली नव्हती, चित्र काढावं तशी काढलेली होती. सर्टिफिकेटच्या साइटवर गंमत म्हणून मनानीच एक नंबर ठोकला, तोही ऑथेंटिक. माझा मोबाईल नंबर टाकला, तोही ऑथेंटिक!

सेलरला विचारलं तर म्हणे टॉप्सनी छपाईआधी मँटलला सँपल पाठवली असतील, त्यावर केली असेल. परत विचारलं तर ब्लॉक.

त्या मित्रानीच मग नीट समजावलं. आधी कार्ड कधी छापलं, सही करणारा तेव्हा होता का, आणि पेन तेव्हा होतं का ते बघायचं. शार्पी मार्कर 1964 मध्ये आला आणि बेब रूथ हा त्याच्याही आधीचा बेसबॉलपटू 1948 मध्ये गेला, तर रूथची शार्पीतली सही दिसली की पुढे काही बघायचंच नाही. सर्टिफिकेट कागदच असतो, सही खोटी करणारा कागद का नाही करणार? एफबीआयनी 1990 च्या दशकाच्या शेवटी ऑपरेशन बुलपेनमध्ये जी टोळी पकडली तिच्या खोट्या सह्यांनाही सर्टिफिकेटं होती, आणि त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल सापडले होते, खरंच. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांना लोक मानतात, पण सही होताना त्यांचा माणूस समोर नसेल तर तेही शेवटी मतच देतात. त्यात त्यांचे स्लॅबही, म्हणजे कार्ड सील करून देतात ती लेबलवाली प्लास्टिकची डबी, नकली निघतात, खरा नंबर उचलून खोट्या लेबलवर छापतात, म्हणून नंबर जुळला तरी पुरत नाही, त्या नंबरचा त्यांच्याकडे फोटो असेल तर तो काढून सहीची रेघन् रेघ ताडायची. त्यातल्या त्यात बरं म्हणजे पाकिटातूनच सही असलेलं निघणारं कार्ड, मागे कंपनीनी सहीची हमी छापलेली असते. पण ती ओळ स्वतः वाचायची, कारण त्याच सेटची बिनसहीची कार्डंही असतात आणि त्यांवर कोणीही मार्कर फिरवू शकतो.

पैसे काही परत मिळाले नाहीत. पेमेंट अ‍ॅपवाले म्हणाले तुम्हीच मित्राला दिलेत.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नावानी एक लिस्टिंग दिसली, मँटलच, रीप्रिंटच, मागे अंथरलेला तोच निळा टॉवेल. सर्टिफिकेटचा फोटो मोठा करून पाहिला तर नंबर माझ्याच कार्डाचा.