ऑनियनरिंग : सभासदाला सोपी, रिंगचालकाला अपुरी

नाशिक परिसराविषयी मराठीत लिहिणाऱ्या काही स्वतंत्र संकेतस्थळांची एक छोटी वेबरिंग मी सांभाळतो. नांदूर मधमेश्वरचे पक्षी, बागलाणातील साल्हेर-मुल्हेरचे किल्ले, पंचवटीतील जुने वाडे, पिंपळगाव-ओझर पट्ट्यातील द्राक्षबागा असे ज्याचे त्याचे विषय आहेत. प्रत्येकाच्या पानावर तळाशी ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दोन दुवे असतात. पक्ष्यांविषयी वाचायला आलेला माणूस त्यांवरून किल्ल्यांकडे जातो आणि यादी संपली की पुन्हा पहिल्या संकेतस्थळावर येतो. या कामासाठी आम्ही ऑनियनरिंग ही जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, लिहिलेली विनामूल्य प्रणाली वापरतो. सभासद आणि रिंगचालक या दोघांच्या कामाला ती कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

वेबरिंगची कल्पना लोकप्रिय झाली ती सेज वाइल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या सेवेमुळे. तेथे सगळ्या रिंगांच्या याद्या एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर असत, नवा अर्जदार आधी प्रतीक्षायादीत जाई आणि त्याच्या पानावर रिंगचे दुवे नीट बसले आहेत हे पाहून रिंगचालक त्याला आत घेई. ही पद्धत चालकाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक आखलेली होती. पुढे ती सेवा १९९८ मध्ये विनामूल्य संकेतस्थळे देणाऱ्या जिओसिटीजकडे आणि १९९९ मध्ये जिओसिटीजसह याहूकडे गेली, २००० मध्ये याहूने तिची रचना बदलली आणि २००१ मध्ये ती सोडून दिली. एका कंपनीचा निर्णय बदलला की एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य रिंगांवर त्याचा परिणाम होतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

ऑनियनरिंगचा सर्वांत मोठा गुण इथेच आहे. तिला मध्यवर्ती कंपनी नाही, खाते नाही आणि डेटाबेसही नाही. सभासदांच्या पत्त्यांची यादी एका साध्या फाइलमध्ये असते, ती फाइल रिंगचालकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर राहते, आणि ज्या विनामूल्य सेवेवर फक्त स्थिर पाने ठेवता येतात, सर्व्हरवर प्रोग्राम चालवता येत नाही, तिथेही रिंग उभी करता येते. सभासदाने आपल्या पानात दुव्यांच्या पट्टीची जागा ठरवणारा एक डिव्ह टॅग आणि स्क्रिप्टच्या मोजक्या ओळी चिकटवल्या की त्याचे काम संपते. पुढे यादीत कोणी वाढला किंवा गळला, तरी त्याला आपल्या पानाला हात लावावा लागत नाही. ज्येष्ठ सभासदांना हे किती सोयीचे जाते, हे मी जवळून पाहिले आहे. दुव्यांवरचा मजकूरही फाइलमध्ये सहज बदलता येतो, त्यामुळे आमची पट्टी पूर्णपणे मराठीत आहे.

चालकाच्या बाजूने मात्र चित्र वेगळे आहे. सभासदाचे चालू पान यादीत आहे की नाही, हे ही प्रणाली पत्त्याची सुरुवात अक्षरशः जुळवून ठरवते. यादीत पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल आणि वाचक जुन्या ‘एचटीटीपी’ पत्त्याने आला, किंवा यादीत नसलेले ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ पत्त्यात आले, तर आपल्याच सभासदाच्या पानावर ‘हे संकेतस्थळ रिंगमध्ये नाही’ असा संदेश दिसतो. सभासदाला वाटते की आपल्याला काढून टाकले, आणि त्याची समजूत घालणे चालकाच्या वाट्याला येते. असे किरकोळ फरक प्रणालीने स्वतःच दुर्लक्षित करायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी जावास्क्रिप्टवर अवलंबून असल्याने ज्याच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद आहे त्याला काहीच दिसत नाही. यावर उपाय म्हणून सभासदांनी पट्टीजवळ रिंगच्या मुख्य पानाचा एक साधा दुवाही द्यावा.

याहून गंभीर उणीव म्हणजे बंद पडलेल्या संकेतस्थळांची तपासणी. डोमेनचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, की एखादे संकेतस्थळ नाहीसे होते आणि ‘पुढील’ म्हणणारा वाचक तिथेच अडकतो. त्या पानावर पुढे जाण्याचा दुवाच नसल्यामुळे साखळी खऱ्या अर्थाने तुटते. ऑनियनरिंग याची दखल घेत नाही, कारण तिच्यामागे तपासणी करणारा सर्व्हरच नाही. इंडीवेबच्या, म्हणजे स्वतःच्या डोमेनवर स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या, वर्तुळातील वेबरिंग सभासदाच्या पानावर दुवे आहेत का, हे आपोआप पाहते आणि सापडले नाहीत तर त्या संकेतस्थळाला वगळून पुढे जाते. निदान चालकाने महिन्यातून एकदा स्वतःच्या संगणकावर चालवावी अशी एखादी छोटी तपासणी-स्क्रिप्ट ऑनियनरिंगसोबत मिळाली असती, तरी बराच भार हलका झाला असता.

सभासदांची सूची नुसत्या पत्त्यांची असते, हेही मला खटकते. रोमन लिपीतील पत्त्यावरून आत साल्हेरची वाट आहे की थॉमसन द्राक्षाची छाटणी, हे वाचकाला कळत नाही. नाव आणि एका ओळीचा परिचय हवा असेल, तर ते पान चालकाने हाताने लिहावे लागते, आणि आम्ही ते तसेच लिहिले आहे.

वीस-पंचवीस संकेतस्थळांची, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची रिंग असेल, तर मी ही प्रणाली निःसंकोच सुचवीन. त्याहून मोठ्या रिंगसाठी, किंवा जिथे अनोळखी अर्जदार सतत येतात तिथे, प्रतीक्षायादी आणि तपासणी असलेली सर्व्हरवरची प्रणाली घ्यावी. ऑनियनरिंग वापरायचे ठरवल्यास यादीची फाइल चालकाच्या वैयक्तिक पानावर न ठेवता रिंगसाठी घेतलेल्या वेगळ्या पत्त्यावर ठेवावी आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या एका विश्वासू सभासदाकडेही द्यावा, कारण चालकाचे संकेतस्थळ बंद पडले तर प्रत्येक सभासदाच्या पानावरची पट्टी त्याच क्षणी नाहीशी होते.