रॉ का जेपेग, कॅमेरा कशावर ठेवायचा?

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा आणि जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने त्यातून बनवून दिलेला तयार फोटो. नवीन कॅमेरा घेतला की हा प्रश्न येतोच आणि बहुतेक जण सांगतात की रॉवरच काढ. मला ते सरसकट पटत नाही. उजेड चांगला, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो) आणि व्हाईट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणं) बरोबर असेल तर फाईन म्हणजे चांगल्या क्वालिटीचा जेपेग आणि रॉमधून बनवलेला फोटो शेजारी शेजारी ठेवा, फोनवर सोडाच, ए४ प्रिंटवरही ओळखणं अवघड जातं.

फरक दिसतो तो एडिट करायला बसल्यावर. जेपेगमधे प्रत्येक रंगाला 8 बिट म्हणजे 256 पायऱ्या, रॉ 12 बिट असेल तर 4096 आणि 14 बिट असेल तर 16384. शिवाय जेपेग बनवताना कॅमेरा व्हाईट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग सगळं पक्कं करून टाकतो आणि बाकीचा डेटा कायमचा जातो.

वारीचंच घ्या. भर दुपारचं ऊन, पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि टोपीच्या सावलीत चेहरा. चेहरा नीट यावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरी होते. जेपेगमधे हायलाईट म्हणजे उजळ भाग खाली ओढले तर तिथे सपाट राखाडी डाग राहतो, रॉमधे बऱ्याचदा टोपीची शिवण, कापडाची घडी परत येते, आणि उलट टोपी सांभाळून चेहरा नंतर उजळायचा म्हटलं तरी रॉ जास्त ताण सहन करतो. अर्थात सेन्सरवरच पूर्ण जळलं असेल तर रॉमधेही काही हाती लागत नाही.

हळदीच्या कार्यक्रमात तर मी दुसरा विचारच करणार नाही. पिवळा मांडव, वर एलईडी, बाजूला साधे बल्ब, सगळ्यांची कातडी विचित्र दिसते. रॉमधे व्हाईट बॅलन्स ही फाईलमधली नुसती नोंद असते, घरी येऊन बदलली तरी क्वालिटी जात नाही.

पण कबड्डीची मॅच असेल, फोटो लगेच पाठवायचे असतील तर जेपेगच. 24 मेगापिक्सेलला रॉ साधारण 25-30 एमबी, जेपेग 10 च्या आसपास, त्यामुळे रॉवर बर्स्ट मारला, म्हणजे सलग फोटो काढले, की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लवकर भरतो आणि नेमकी पकड झाली तेव्हा कॅमेरा अडकतो. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तर 2015 मधे आपल्या फ्रीलान्सरना कॅमेऱ्यातले मूळ जेपेगच पाठवायला सांगितलं होतं. फुजीच्या कॅमेऱ्यातून थेट येणारे रंग आवडत असतील तरी जेपेग भरपूर झालं.

रॉ एडिट करायच्या सॉफ्टवेअरच्या खर्चाला घाबरून रॉ सोडू नका, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. रॉ उघडल्यावर आधी फिका दिसतो, ते नॉर्मल आहे.

एडिटला वेळच देणार नसाल तर बिनधास्त जेपेग ठेवा. अजून ठरत नसेल तर काही दिवस रॉ प्लस जेपेग (एकाच फोटोच्या दोन्ही फाईली) चालू करा, म्हणजे किती रॉ फाईली खरंच उघडल्या जातात ते तुमचं तुम्हालाच कळेल.