लूसी की बीव्हर? निकाल हशावर लागतो

जुनी अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिका पाहायचं ठरलं की बहुतेकांचं घोडं दोन नावांपाशी अडतं: 'आय लव्ह लूसी' (१९५१ ते ५७, १८० भाग) आणि 'लीव्ह इट टू बीव्हर' (१९५७ ते ६३, २३४ भाग). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही अर्ध्या तासाच्या. कथानक तुम्हाला ऐकून माहीत असेलच. मला फरक जाणवतो तो कानाला.

'बीव्हर' सिनेमासारखी एका कॅमेऱ्यावर, प्रेक्षकांविना चित्रित झाली. हशा मागाहून भरला. त्या काळी चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाची एक पेटीच होती: फितीवर साठवलेलं हसू कळ दाबून हवं तिथे वाजवायचं. धांदलीच्या विनोदाला ते एक वेळ चालून जातं. पण 'बीव्हर'चा विनोद दबक्या आवाजाचा. झोपायच्या खोलीत थोरला वॉली धाकट्या भावाला, म्हणजे बीव्हरला, जगाचं ज्ञान देतो, खाली आईवडील एकमेकांकडे नुसतं बघतात. आपल्या ओठांवर हसू येऊ लागतं तोच भिंतीमागून वीसजण खिदळतात. चार भागांनंतर मला त्या खिदळण्याचीच वाट पाहायची सवय लागते आणि वाक्य निसटतं. कदाचित माझेच कान तिखट असतील.

'लूसी'चं गणित निराळं. तेव्हाचे बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत; ज्या भागांत थेट प्रक्षेपण पोचत नसे तिथे टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेली धूसर फिल्म जाई. लूसी आणि तिचा नवरा रिकी साकारणारं खरंखुरं जोडपं, ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ, हॉलिवूड सोडायला तयार नव्हतं. तोडगा निघाला तो असा: ३५ मिमी फिल्म, एकाच वेळी चालणारे तीन कॅमेरे आणि समोर सुमारे ३०० प्रेक्षक. 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या मूकपटाचे एक छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी प्रकाश वरून सारखा पसरवला, म्हणजे कॅमेरा बदलला तरी दिवे हलवायला नकोत. खर्च वाढला, तो या जोडप्याने मानधन कमी घेऊन सोसला आणि बदल्यात भागांची मालकी मिळवली.

पाहणाऱ्याला याचा फायदा असा की प्रसंग नाटकासारखे सलग घडतात. आपल्या रंगभूमीवर मुरलेला नट हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य ओठांवर धरून ठेवतो. ल्युसिल बॉल नेमकं तेच करते. 'लूसी डझ अ टीव्ही कमर्शियल'मध्ये ती जाहिरातीतल्या टॉनिकचा पहिला चमचा गिळते आणि चेहरा सावरण्याचा प्रयत्न करते. तेवढा वेळ तिला प्रेक्षकांनी दिलेला आहे. पेटीला ते जमलं नसतं.

'बीव्हर'ची बाजू लंगडी नाही. बीव्हर साकारणारा जेरी मॅथर्स पहिल्या भागात ९ वर्षांचा, शेवटच्या भागात १५ वर्षांचा. मूल खरंच वाढताना दिसतं. बीव्हरच्या आईसमोर साखर आणि तिची पाठ वळताच कारलं असा वॉलीचा मित्र एडी हॅस्केल तर प्रत्येक आळीत सापडेल. घरात लहान मुलं असतील तर मी हीच आधी सुचवेन. शिवाय 'लूसी'त नवरोबा रिकी कधी कधी बायकोला मांडीवर घेऊन चापट्या देतो. ते आज पाहवत नाही. अशा ठिकाणी सरळ पुढे जावं.

'लूसी' पहिल्या भागापासून धरू नका; पात्रं अजून बसलेली नसतात. आधी टॉनिकचा भाग, मग चॉकलेटच्या कारखान्याचा 'जॉब स्विचिंग' (सप्टेंबर १९५२). 'बीव्हर'मध्ये 'कॅप्टन जॅक' पाहा: मुलं संडासाच्या फ्लशच्या टाकीत मगरीचं पिल्लू लपवतात, आणि वाहिनीने फक्त टाकीच दाखवू दिली. 'लूसी'ची प्रत निवडताना एक पाहावं. शीर्षकात साटिनवरचं हृदय दिसलं तर ते पुनःप्रक्षेपणासाठी मागाहून केलेलं. मूळ शीर्षकात रेषाचित्रातले लूसी-रिकी आणि प्रायोजकाच्या सिगारेटी होत्या. टीव्हीसाठी कापलेल्या प्रतींपेक्षा पूर्ण लांबीच्या डीव्हीडी बऱ्या.