फ्रीलान्स कॉपीरायटिंग, तेही लातूरात राहून: वर्षभरानंतरचा अनुभव

बरेच जण विचारायलेत की पुण्या-मुंबईला न जाता कॉपीरायटिंगवर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहून, घर चालतं का, क्लायंट कुठून मिळतात, आणि मुख्य म्हणजे त्यात मन रमतं का. नोकरी सोडून वर्ष उलटून गेलंय, आता खात्रीनं काही सांगता येईल म्हणून सविस्तर लिहितेय. घर चालतं. पण नुसतं लिखाण चांगलं आहे म्हणून क्लायंट येत नाही, आणि आलेला टिकतो तो तुम्हाला त्याचा धंदा किती कळतो यावर. मला तरी हेच दिसलं, आणि मन रमतं ते पण त्याच्यामुळेच.

माझं आधीचं काम म्हणजे डीटीपी सेंटर, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचं दुकान, आणि नंतर एका छोट्या जाहिरात एजन्सीत मराठी मजकूर लिहिणं. पत्रकं, फ्लेक्स, पेपरमधल्या जाहिराती, दुकानाच्या उद्घाटनाचं निमंत्रण, सगळं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, अपवर्क आणि फायवर या ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या साइट, आणि लिंक्डइन. फायवर दर ऑर्डरमागे 20 टक्के कापतं म्हणजे 1000 च्या कामाचे हातात 800. अपवर्कवर अर्ज टाकायला कनेक्ट्स, म्हणजे त्यांचे टोकन, खर्ची पडतात आणि कमिशन आधी सरसकट 10 टक्के होतं ते 2025 पासून कामानुसार 0 ते 15 झालं. हे सगळं त्यांनी उघड लिहिलेलंच असतं, त्यामुळे तक्रार नाही. पण तिथं मराठीचं जे काम निघतं ते शब्दाच्या हिशोबावर, आणि समोरच्याला मराठी येत नसल्यानं चांगलं-वाईट त्याला कळत नाही, तो फक्त दर बघतो. मी तिथून पैसे कमावले, नाही असं नाही, पण काम पाठवलं की संपलं, पुढं त्याचं काय झालं कधी कळलं नाही. लिंक्डइन त्यामानानं बरं. तिथून पुण्याच्या दोन एजन्सींचं काम मिळालं आणि अजून चालू आहे. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय पाहिजे ते, लेखी घ्यायचं, किती वेळा बदल करून देणार ते आधीच ठरवायचं, ही शिस्त त्यांच्याकडूनच लागली, आणि गावातल्या कामात ती फार उपयोगी पडली.

आता खरं सांगायचं ते हे की माझे निम्म्याहून जास्त क्लायंट प्रिंटिंग प्रेसमधून आलेत. आपल्या भागात लातूर घ्या, नांदेड घ्या, परभणी घ्या, दुकानदार किंवा क्लासवाला जाहिरात करायची म्हणला की तो कॉपीरायटर शोधत नाही, त्याला असं कोणी असतं हेच माहीत नसतं. तो वहीच्या पानावर काहीतरी लिहून सरळ प्रेसवर जातो आणि म्हणतो, भाऊ याचं चांगलं करून द्या. मग डीटीपीवाला बिचारा डिझाइन पण करतो, मजकूर पण जुळवतो, शुद्धलेखन पण बघतो, आणि दिवाळीच्या आधी तर त्याला जेवायला वेळ नसतो. मी आमच्याकडच्या प्रेसवाल्यांना जाऊन एवढंच सांगितलं की दादा, ज्या गिऱ्हाइकाचा मजकूर अडलाय त्याला माझा नंबर द्या, बदल्यात तुमची प्रुफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, मी वाचून चुका काढून देते. कमिशन वगैरे काही नाही. प्रेसवाल्याचा परत छपाईचा खर्च वाचायला लागला आणि माझ्याकडं फोन यायला लागले. आता तर एकजण गिऱ्हाइकाला सांगतो की आधी मॅडमकडून लिहून आणा, मगच कागद लावतो.

दुसरी गोष्ट जी चालली ती म्हणजे रिकाम्या हातानं न जाणं. ज्याच्याकडं जायचं त्याचं जुनं पत्रक मिळवायचं, ते आपल्या पद्धतीनं लिहायचं आणि शेजारी ठेवून दाखवायचं. पोर्टफोलिओची लिंक पाठवली तर कोणी उघडत नाही हो, पण स्वतःच्या दुकानाचं पत्रक कोणीही वाचतो. त्यातले सगळेच काम देत नाहीत, काहीजण ते लिहिलेलं फुकटच वापरतात. वाईट वाटतं, पण त्यातलेच काही सहा महिन्यांनी फोन करतात.

धंदा कळणं म्हणजे काय ते क्लासच्या उदाहरणानं सांगते. लातूर म्हणजे लातूर पॅटर्न, परीक्षेची कसून तयारी करून घेणारी इथली नावाजलेली पद्धत, क्लासच्या उद्योग भवन भागात गेलात तर मान वर केली की फ्लेक्सच फ्लेक्स, नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे मार्क आणि पोरांचे फोटो. एका क्लासचे सर आले, म्हणाले हे लिहा, हमखास सिलेक्शन, आणि खाली मागच्या वर्षीच्या पोरांचे फोटो टाका. मी त्यांना विचारलं सर, पोरांची लेखी संमती आहे का. ते बघतच राहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला त्या लागू आहेत. त्यात सिलेक्शनची हमी देता येत नाही, निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर घेतलेली लेखी संमती लागते, आणि त्यानं नेमका कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, फुकट की पैसे भरून, हे पण सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखापर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाख. सरांना हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. मग आम्ही बसून नवीन मजकूर केला, हमखास वगैरे काढून टाकलं आणि त्याजागी पालकांना खरंच काय पाहिजे ते घातलं, एका बॅचला मुलं किती, शंका विचारायला सर कधी भेटतात, टेस्टचा पेपर किती दिवसात तपासून मिळतो, फी परत मिळण्याचा नियम काय. नांदेड-हिंगोली-धाराशिवहून पोरगं इथं खोली करून ठेवणाऱ्या बापाला हेच विचारायचं असतं आणि ते कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. त्या सरांचं काम आता माझ्याकडंच आहे, आणि त्यांनी शेजारच्या दोन क्लासवाल्यांना पाठवलं.

फ्लॅट-प्लॉटवाल्यांचं पण तसंच, ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नंबरबरोबर क्यूआर कोड लागतो, तो नसला की दंड, म्हणून मजकुराच्या चेकलिस्टमध्ये तो मी पहिलाच ठेवते. एक काढ्यावाले आले होते, शुगर मुळापासून गायब असं लिहा म्हणाले, त्याला मी नाही म्हणलं. मधुमेह बरा करतो म्हणून जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. माझ्या मावशीसारखी बाई ते वाचून गोळ्या बंद करेल, हे डोळ्यासमोर आल्यावर हात चालतच नाही.

आता ज्या कामानं मला सगळ्यात जास्त समाधान दिलं ते. मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांना सोयाबीनच्या बियाण्याचं पत्रक पाहिजे होतं. मी त्यांना म्हणलं काका, दोन-तीन दिवस मला काउंटरजवळ बसू द्या, मग लिहिते. त्यांना नवल वाटलं पण बसू दिलं. मृगाच्या आधीचे दिवस, गर्दी मायंदाळ. शेतकरी येऊन काय बोलतात ते वहीत लिहीत होते. कंपनीच्या पत्रकात असतं अधिक उत्पादन, जोमदार वाढ, आणि काउंटरवर माणूस म्हणतो, मागल्या साली उगवलंच नाही बगा, दुबार पेरलं, आता कशावर भरोसा ठेवू. एकानं 2022 साली गोगलगायींनी सगळं कोवळं रान खाल्लं ते सांगितलं, एकाला चक्रीभुंग्याच्या किडीचं औषध आताच नेऊन ठेवायचं होतं. सगळ्यात जास्त वेळा कानावर आला तो उगवणीचाच प्रश्न.

मग पत्रकाचा अर्धा भाग मी उगवण तपासायला दिला. 100 दाणे मोजून घ्या, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं पोतं टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सात-आठ दिवसांनी उघडा आणि नीट उगवलेले मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर नेहमीप्रमाणं एकरी 30 किलो, कमी निघाले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा. खाली 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. हे कृषी विभाग पण दरवर्षी सांगतो, यात माझं स्वतःचं काही नाही, मी फक्त काउंटरवर ऐकलेल्या बोलीत मांडलं आणि अक्षर मोठं ठेवायला लावलं, कारण चष्मा घरी विसरून आलेला माणूस दुकानातच वाचणार असतो. काका आधी तयार नव्हते, म्हणाले मॅडम, माझंच बियाणं तपासा म्हणून मीच कसं सांगू. मी म्हणलं तुमचं बियाणं चांगलं आहे ना, मग त्याच्यापेक्षा मोठी जाहिरात कुठली. त्यांनी छापलं. पुढं काय झालं तर लोकांनी ते पत्रक फेकलं नाही, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, घरात कॅलेंडरच्या मागं जपून ठेवलं, फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलं. काकांना शेजारच्या तालुक्यातून फोन आले. आणि एक आजोबा पत्रक घेऊन दुकानात आले आणि काकांना म्हणाले, हे ज्यानं लिवलं त्याला सांगा, माझी 78 उगवली. काकांनी लगेच मला फोन करून सांगितलं. त्या दिवशी किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

आता पैशाचं. मी पत्रकाला 2500 ते 4000 घेते, वेबसाइटचं असेल तर पानामागं 1500, आणि महिन्याचं ठरलेलं काम असेल तर 8 ते 12 हजार. पुण्याच्या मानानं कमी आहे पण इथं खर्च पण तसा. अर्धे पैसे आधी, हे पहिल्या दिवसापासून पाळलंय. तरी एका क्लायंटनं चार महिने फिरवलं, आज देतो उद्या देतो, साहेब बाहेरगावी आहेत. त्यावेळी कामाला आली ती उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅनवर, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी असली की 2006 च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसात, नसेल तर 15 दिवसात पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज. वर 2023 च्या बजेटमधल्या बदलानं असं झालंय की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये पैसे प्रत्यक्ष दिले त्याच आर्थिक वर्षात धरता येतो. मी भांडले नाही, बिलावर उद्यम नंबर टाकला आणि बिल मालकाऐवजी त्यांच्या सीएला पाठवलं. मार्च संपायच्या आत पैसे आले. कंपन्या वर्षाला 50 हजाराच्या वर बिल गेलं की 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला इन्कम टॅक्स, कापतात, तो रिटर्न भरून हिशोबात येतो, त्यामुळे घाबरायचं नाही. वर्षाची कमाई 20 लाखाच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही.

चॅटजीपीटीचं सगळेच विचारतात. हो, काम गेलंय. सोशल मीडियाच्या बारक्या पोस्ट, वाढदिवसाचे मजकूर, सणाच्या शुभेच्छा, हे आता कोणी विकत घेत नाही, आणि ज्यांचं पोट त्याच्यावरच होतं त्यांचे हाल झालेत, मला त्यांचं वाईट वाटतं. पण काउंटरवर बसून ऐकलेलं त्या मशीनला कुठून येणार. फवारणीच्या औषधाच्या पत्रकात लेबल क्लेममध्ये, म्हणजे त्या औषधाला मंजुरी मिळालेल्या पिकांच्या यादीत, नसलेलं पीक घुसलं तर अडचणीत दुकानदार येतो, मशीन नाही. म्हणून मी क्लायंटला सरळ सांगते, पहिला खर्डा तुम्ही तिथून केला तरी चालेल, पण छापायच्या आधी मला दाखवा. तपासायचे पैसे वेगळे घेते आणि ते काम वाढायलंय.

त्रासाचं पण सांगायला पाहिजे. रात्री अकराला फोन येतो की मॅडम, फक्त एक ओळ बदला. लाइट जाते ती नेमकी डेडलाइनला. दिवसभर एकटीनं बसायचं, बोलायला कोणी नाही, घरच्यांना वाटतं ही घरीच आहे तर पाहुण्यांचं बघेल. एजन्सीत असताना निदान कोणीतरी म्हणायचं ही ओळ भारी झालीय, इथं ते ऐकायला मिळत नाही. त्यावर मी केलेला उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा प्रेसवर जाऊन बसणं. तिथं चहा होतो, प्रुफं वाचून होतात, कोण काय छापून घ्यायलंय ते कळतं, आणि बरेचदा नवीन काम तिथंच उभ्या उभ्या ठरतं.

मार्क द्यायचे तर कामाच्या समाधानाला 5 पैकी 4.5, पैसे वेळेवर येण्याला 2.5, आणि ऑनलाइन प्लॅटफॉर्मला मराठी कामापुरते 2. इंग्रजी चांगलं असेल तर तुमचा अनुभव वेगळा येऊ शकतो.

ज्यांना या भागात सुरू करायचंय त्यांच्यासाठी कामाचा हंगाम असा आहे. बियाणं-खत-औषधवाले एप्रिल-मे मध्ये छापून घेतात, जूनमध्ये गेलात तर कोणी वर बघणार नाही. क्लासवाल्यांचं दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी. दसरा-दिवाळीचं कापड, सोनं, गाड्या, फ्लॅट हे ऑगस्ट अखेरीला धरायचं. हरभऱ्याच्या बियाण्याचं सप्टेंबरात. फेब्रुवारी-मार्च जरा मोकळे जातात, तेव्हा जुनी बिलं वसूल करा आणि पुढच्या हंगामाची जुनी पत्रकं गोळा करून ठेवा. अजून कोणाला दराचं किंवा उद्यमचं काही विचारायचं असेल तर विचारा, माहीत असेल ते सांगते.