कुत्र्यासाठी घरचा खाऊ: कणकेचे बिस्कीट, नागली-डांगराचे बिस्कीट की सुकवलेले रताळे?

कुत्र्यासाठी पाकीटबंद बिस्किटे आणण्याऐवजी घरातल्याच जिनसांतून काही भाजून ठेवावे, असे ठरवणाऱ्या नाशिककर कुटुंबासमोर व्यवहारात तीन पर्याय असतात: कणीक आणि अंड्याचे बिस्कीट, नागलीचे (नाचणीचे) पीठ आणि डांगर (लाल भोपळा) यांचे बिस्कीट, किंवा पीठ अजिबात न वापरता सुकवलेल्या रताळ्याच्या चकत्या. तिन्हींना मीठ, साखर, गूळ, तूप किंवा बेकिंग पावडर लागत नाही. निवड करताना बहुतेक घरांत कोणते पीठ अधिक पौष्टिक याचीच चर्चा होते. माझ्या मते कुत्र्याचे वजन, त्याला असलेले आजार आणि खाऊ आतपर्यंत किती कोरडा होतो, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा.

त्याआधी काय वगळायचे ते पक्के करायला हवे, कारण आपल्या जिल्ह्यात जे भरपूर पिकते आणि घरात सहज हाताशी असते, त्यातल्याच दोन वस्तू कुत्र्यासाठी घातक आहेत. पहिली कांदा. लासलगावच्या बाजारामुळे नाशिकच्या घरात कांद्याची कमतरता कधी नसते. पण कांद्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि काही दिवसांनी रक्तक्षय दिसू लागतो. शरीराच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बदल दिसतात, म्हणजे ५ किलोच्या लहान कुत्र्याला एक मध्यम कांदाही पुरेसा ठरतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही आणि लसूण त्याच कुळातला आहे, त्यामुळे उरलेली भाजी, कांदा-लसूण मसाला किंवा चिवडा चवीसाठी पिठात मिसळू नये. दुसरी वस्तू द्राक्षे, आणि त्यांच्यासोबत बेदाणे व मनुका. यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामागे बहुधा टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडले, आणि हे आम्ल चिंचेतही असल्यामुळे चिंचही दूरच ठेवावी. कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील याचा अंदाज आधी करता येत नाही, म्हणून येथे थोडेसे चालेल असे प्रमाण नाही. चॉकलेट, नानकटाईत पडणारे जायफळ आणि शुगर-फ्री पदार्थांतील झायलिटॉल यांनाही हाच नियम लागू होतो. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

आता वजनाचा हिशेब. खाऊतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हा पशुवैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याची गरज धरली तर ५ किलोच्या स्पिट्झला खाऊसाठी साधारण ३५ ते ४० किलोकॅलरी, १० किलोच्या कुत्र्याला ६० च्या आसपास आणि ३० किलोच्या लॅब्रेडॉरला सुमारे १४० किलोकॅलरी मिळतात. २०० ग्रॅम कणीक आणि एक अंडे यांच्या गोळ्याचे सुरीने ७० ते ७५ तुकडे केले, तर एका तुकड्यात जवळपास १० किलोकॅलरी येतात. म्हणजे स्पिट्झला दिवसाला तीन-चार तुकडे पुरे, आणि तेवढ्याने त्याच्या रोजच्या जेवणातून काही कमी करावे लागेल हेही लक्षात ठेवावे.

कणकेचे बिस्कीट हा सर्वांत सोपा पर्याय आहे. गव्हातील चिकटपणामुळे पोळी नीट लाटली जाते, तुकडे सुबक पडतात आणि भाजल्यावर ते खणखणीत कडक होतात. कुत्र्याला धान्य पचतच नाही, हा समज बरोबर नाही. लांडग्यांच्या तुलनेत पाळीव कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गव्हाची ॲलर्जी काही कुत्र्यांना असते, पण गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि कोंबडी यांची ॲलर्जी त्याहून अधिक आढळते. कुत्रा सतत खाजवत असेल तर गव्हाला दोष देण्यापूर्वी गोचीड आणि पिसवा पाहून घ्याव्यात.

नागली ही सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या भागांतली आपली स्वतःची पिकवण असल्यामुळे तिच्याविषयी जिव्हाळा आहे, आणि मलाही तो आहे. तरीही तिची निवड योग्य कारणासाठी व्हावी. नागलीचे बिस्कीट हलके असते असे मानून ते जास्त दिले जाते, परंतु १०० ग्रॅम नागली आणि १०० ग्रॅम कणीक यांतील ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे. कॅल्शियमचे कारणही येथे फारसे टिकत नाही. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे, पण १० किलोच्या कुत्र्याने नियमात बसणारे सहा तुकडे खाल्ले तर त्यातून त्याला ६० मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल, आणि त्याची रोजची गरज याच्या दहापटीच्या घरात आहे. ती गरज त्याच्या मुख्य आहारातून भागायला हवी. नागलीचा खरा उपयोग गहू न चालणाऱ्या कुत्र्यासाठी आहे, आणि तिथे एक अट पाळावी लागते: ज्या गिरणीत आधी गहू दळला गेला, तिथल्या नागलीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळलेले असतेच. त्यामुळे अशा कुत्र्यासाठी नागली स्वच्छ केलेल्या घरघंटीवर दळावी. या पिठाला चिकटपणा नसल्याने ते उकळत्या पाण्याने उकड काढल्यासारखे भिजवावे, त्यात वाफवून कुस्करलेले डांगर घालावे, आणि लाटण्याऐवजी तळहातावर थापून छोटे चपटे गोळे करावेत. तडे जातातच, कुत्र्याला त्याने काही फरक पडत नाही.

रताळ्याच्या चकत्यांमध्ये पीठ नाही, अंडे नाही, आणि बहुतेक कुत्र्यांना त्यांची गोडी फार आवडते. येथे फसगत होते ती मोजमापात. रताळे सुकले की वजन घटते, ऊर्जा मात्र तेवढीच राहते. १० ग्रॅमच्या कच्च्या चकतीत साधारण ९ किलोकॅलरी असतात आणि सुकून ती पापडासारखी झाली तरी त्या तेवढ्याच उरतात. म्हणून चकत्या सुकवण्याआधी मोजाव्यात. ज्या कुत्र्याला मूत्राशयात ऑक्झलेटचे खडे झाले आहेत त्याला रताळे देऊ नये, आणि मधुमेही कुत्र्याला पशुवैद्यांना विचारूनच द्यावे.

भाजण्याचे साधन कोणते, यावरही पर्याय ठरतो. ओटीजी असेल तर दोन्ही बिस्किटे १६० अंशांवर अर्धा तास भाजून, ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्यावीत. रताळ्याला मात्र १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास लागतात, त्यामुळे विजेचा खर्च पाहता एका रताळ्यासाठी ओव्हन लावणे परवडत नाही. ओव्हन नसेल तर कणकेची पातळ पोळी मंद आचेवर दाबून दाबून खाकऱ्यासारखी कडक भाजावी आणि मोडून ठेवावी. माझ्या मते साध्या स्वयंपाकघरासाठी हाच उत्तम मार्ग आहे. नागली-डांगराचे जाडसर गोळे तव्यावर वरून करपतात आणि आत ओले राहतात.

हा ओलावाच बुरशीचे कारण आहे, आणि पाकीटबंद खाऊ खरोखर सरस ठरतो तो केवळ टिकण्याच्या बाबतीत. थंड झालेला तुकडा मोडून पाहावा. कट्‌ असा आवाज न होता तो वाकला, तर पुन्हा भाजावा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नाशिकची हवा कोरडी असल्याने कडक कणकेचे तुकडे हवाबंद डब्यात आठवडाभर चांगले राहतात. पावसाळ्यात तिन्ही प्रकार फ्रिजमध्येच ठेवावेत; डांगराचे बिस्कीट तर कोणत्याही ऋतूत बाहेर ठेवू नये, जास्त झाले तर फ्रीझरमध्ये टाकावे. डब्यात एका तुकड्यावरही पांढरा-हिरवा थर दिसला तर सगळा डबा फेकून द्यावा, कारण बुरशीचे विष डोळ्यांना न दिसता बाकीच्या तुकड्यांतही असू शकते.

निरोगी कुत्र्यासाठी आणि प्रथमच करणाऱ्या घरासाठी मी कणकेचे तव्यावरचे तुकडे सुचवेन. गहू सोसत नसेल तर नागली-डांगर, आणि अंडे व पीठ दोन्ही टाळायचे असतील तर रताळे. कोणताही प्रकार प्रथम देताना एकच लहान तुकडा द्यावा आणि दोन दिवस शौच, उलटी व खाज यांकडे लक्ष ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा स्वादुपिंडाची सूज असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र यांतला कोणताही खाऊ पशुवैद्यांच्या संमतीशिवाय सुरू करू नये.