आठ महिने पत्र्यावर: फुल बॉडी हार्नेस आणि रोप ग्रॅब वापरून पाहिल्यावर

भोसरी-चाकण भागात कारखान्यांच्या शेडची गळती शोधणं आणि सोलर बसवण्याआधी छत तपासणं हे माझं काम. अकरा वर्षं नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर काढली. तो पट्टा पडताना सगळा झटका पोटावर घेतो आणि माणूस दुमडून लटकतो, हे माहीत असूनही. नोव्हेंबरात शेवटी ४,२०० रुपये मोजून अंगभर हार्नेस घेतला, सोबत दोन मोठ्या हुकांची लॅनयार्ड (हार्नेस आधाराला जोडणारी पट्टी) आणि पडतानाचा झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. रोप ग्रॅब (दोरीवर सरकणारी आणि झटका बसला की दोरी घट्ट धरणारी पकड) आणि ३० मीटर दोरीचे पैसे वेगळे. लेबलवर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का आणि बनवल्याची तारीख, दोन्ही बघूनच घेतला.

हार्नेस चांगला आहे. मांड्यांचे पट्टे पहिले पंधरा दिवस काचले, मग अंगवळणी पडले. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की गुडघा टेकवत नाही, त्यात हे ओझं. आम्ही सकाळी साडेसहाला चढून दहाच्या आत उतरायचो. घामाने छातीचा पट्टा हळूहळू सैल होतो, तो तासाभराने ओढावाच लागतो. लॅनयार्डचा जो हुक मोकळा असतो तो मागे लोंबून स्क्रूच्या डोक्यांत अडकतो. आता तो हार्नेसवरच्या पार्किंगच्या फाशात अडकवतो.

दुकानदाराने जे सांगितलं नाही ते पत्रकात बारीक अक्षरांत सापडलं. माझी लॅनयार्ड १.८ मीटरची. पडल्यावर अ‍ॅब्सॉर्बर उसवत जातो, तो आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. पाठीवरच्या रिंगेपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव. म्हणजे हुकाखाली सहा मीटर मोकळी जागा हवी! आमच्याकडच्या कितीतरी जुन्या शेडची वळचण जेमतेम पाच मीटरवर. तिथे छताच्याच पातळीला हुक अडकवून पडलो, तर अ‍ॅब्सॉर्बर पुरता उघडायच्या आत मी फरशीवर.

म्हणून मला खरा उपयोग झाला तो रोप ग्रॅबचा. आढ्यावरून दोरी पलीकडे टाकून खाली कॉलमला बांधायची, जिथे पत्र्याच्या धारेवर घासेल तिथे जुना फायर होज गुंडाळायचा आणि ग्रॅब वर सरकवत ठेवून दोरी ताणलेलीच ठेवायची, म्हणजे मुळात कडेपर्यंत पोचताच येत नाही. छतावरच्या टर्बो फॅनचा (वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्याचा) बुंधा किंवा पन्हाळ यांना मी काहीही बांधत नाही. अजून एक: दोरीच्या रेषेपासून आडवं फार लांब गेलात तर पडताना झोका बसतो आणि खांबावर आपटायला होतं. त्यामुळे दर काही पत्र्यांनंतर दोरी हलवावी लागते. वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. ग्रॅबवर लिहिलेल्या जाडीचीच दोरी वापरा; बाजारातल्या नायलॉन दोरीवर माझा ग्रॅब हाताने ओढला तरी घसरत होता.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सिमेंटच्या पत्र्यावर शेवाळ धरलं होतं. पाय सटकला, हातभर घसरलो आणि ग्रॅबने दोरी पकडली. अ‍ॅब्सॉर्बरची शिवण शाबूत होती. तरी त्या पोराने, माझ्या मदतनीसाने, विचारलं, "दादा, आता हे बाद करायचं का?" ग्रॅब, दोरी आणि पट्ट्याची एकेक शिवण उजेडात धरून पाहिली. इतक्या घसरण्याने तसं बिघडत नाही, पण ज्यावर खरोखर पडणं झालं तो संच बादच. ती चर्चा दुकानात होत नाही.

सगळ्यात मोठा धोका हार्नेसशी संबंधित नाही, तरी इथेच लिहितो. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे पाय पडला की फुटतात, आणि दोन-तीन वर्षांत धुळीने इतके माखतात की शेजारच्या पत्र्यासारखेच दिसतात. चढण्याआधी शेडमध्ये आत उभं राहून वर बघतो आणि कुठे उजेड येतो ते कागदावर काढून घेतो. वर स्क्रूच्या रांगेवरून चालायचं, कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी असते. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र फळ्या टाकल्याशिवाय पाऊलच नाही. साहेब लोक "आमची माणसं रोज चढतात" म्हणतात, तेव्हा मी फळ्यांचं भाडं बिलात लावतो.

हार्नेस पडणं थांबवतो, खाली उतरवत नाही. लटकून राहिलं की पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. मी ९० रुपयांचे दोन फासे जोडलेत, लटकल्यावर त्यांत पाय घालून उभं राहता येतं. शिवाय लांब शिडी खाली उभी असल्याशिवाय आणि कारखान्याचा एक माणूस नजर ठेवायला मिळाल्याशिवाय चढत नाही.

आठ महिन्यांनी हार्नेसचा नारिंगी रंग उन्हाने उडालाय, लॅनयार्डच्या एका हुकाची स्प्रिंग गंजून मंद झाली होती. पट्टे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो, अ‍ॅसिडच्या वाफा असलेल्या बॅटरीच्या खोलीत कधीच ठेवत नाही. हार्नेस अजून चालेल, लॅनयार्ड मात्र गेल्या शनिवारी बदलली. जुनीचे दोन्ही हुक कापून टाकले. नाहीतर पोरगं ती दुसऱ्या कुणाच्या साइटवर घेऊन गेलं असतं.