तीन पौंडांचे मत : ब्रिटिश मजूर पक्षाच्या ‘नोंदणीकृत समर्थक’ योजनेचे परीक्षण

राजकीय पक्षाचा नेता निवडण्याचा हक्क ही काही पैसे मोजून घ्यायची सेवा नव्हे, असे आपण धरून चालतो. ब्रिटनच्या मजूर पक्षाने मात्र २०१५ मध्ये हा हक्क तीन पौंडांना खुला केला, वर्षभरात त्याची किंमत पंचवीस पौंड केली आणि २०२१ मध्ये ही योजनाच गुंडाळली. ग्राहकाला काय मिळाले, विकणाऱ्याने शब्द पाळला का आणि किंमत रास्त होती का, हे प्रश्न कोणत्याही सशुल्क सेवेला विचारावेत तसे या योजनेलाही विचारता येतात. तिच्याविषयी जो ग्रह रूढ झाला आहे, तो या प्रश्नांच्या उत्तरांपुढे फारसा टिकत नाही.

योजनेचा उगम समजून घेण्यासाठी आधीची पद्धत पाहावी लागते. पूर्वी खासदार, पक्षसदस्य आणि संलग्न कामगार संघटना अशा तीन गटांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन होते, त्यामुळे एका खासदाराचे मत शेकडो सामान्य सदस्यांच्या मतांइतके जड पडत असे. २०१० मध्ये डेव्हिड मिलिबँड यांना खासदार आणि सदस्य या दोन्ही गटांत आघाडी असूनही संघटनांच्या गटाच्या बळावर त्यांचे धाकटे बंधू एड जेमतेम १.३ टक्क्यांनी जिंकले. पुढे फॉल्कर्क मतदारसंघातील उमेदवारनिवडीवरून संघटनांच्या हस्तक्षेपाचा वाद पेटला, तेव्हा पक्षाचे माजी सरचिटणीस रे कॉलिन्स यांच्या अहवालानुसार १ मार्च २०१४ च्या विशेष अधिवेशनात ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व स्वीकारण्यात आले. त्याच सुधारणेतून नोंदणीकृत समर्थक हा नवा वर्ग जन्माला आला. संघटनांची पकड सैल होईल आणि पक्ष मध्यममार्गी सामान्य मतदाराच्या जवळ जाईल, असा या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांचा होरा होता. तो किती चुकला, हे पुढे दिसलेच.

खरेदीची प्रक्रिया कौतुक करावे इतकी सोपी होती. देशाच्या मतदारयादीत नाव असणे, पक्षाची ध्येये व मूल्ये मान्य असल्याचे आणि आपण पक्षविरोधी संघटनेचे समर्थक नसल्याचे प्रतिज्ञापूर्वक सांगणे आणि तीन पौंड भरणे, एवढ्यावर काम भागत होते. राष्ट्रकुल देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना त्या यादीत नाव नोंदवता येते, त्यामुळे ब्रिटनमधल्या भारतीय नागरिकांनाही ही वाट मोकळी होती. मतपत्रिका टपालाने किंवा ऑनलाइन भरता येई आणि उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तीन पौंड देणाऱ्याच्या मताचे मूल्य माजी मंत्र्याच्या मताइतकेच होते. इतक्या स्वस्तात इतकी खरी समानता दुसऱ्या कुठल्या पक्षाने क्वचितच दिली असेल. गर्दी मात्र विकणाऱ्याला झेपली नाही. १२ ऑगस्ट २०१५ हा नोंदणीचा अखेरचा दिवस होता. त्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि दुपारी बाराची मुदत तीनपर्यंत वाढवावी लागली.

या सेवेचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे छाननी. पैसे आधी घ्यायचे आणि ग्राहक पात्र आहे की नाही ते नंतर तपासायचे, अशी ही उलटी रचना होती. हुजूर पक्षाच्या काही समर्थकांनी गंमत म्हणून नोंदणी करण्याचे जाहीर आवाहन केले होते, त्यामुळे तपासणी हवी हे कोणीही मान्य करील. पण ती मतदान सुरू झाल्यावरही चालू राहिली. अर्ज फेटाळला गेल्याचे कळवणाऱ्या ईमेलमध्ये, तुम्ही पक्षाची मूल्ये मानता असे आम्हाला वाटत नाही, एवढाच आशय असे. कशावरून तसे वाटले याचा पत्ता नसे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘पीसीएस’ या मोठ्या संघटनेचे सरचिटणीस मार्क सर्वोत्का यांनाही नकार मिळाला. सुरुवातीला जाहीर झालेला ६,१०,७५३ मतदारांचा आकडा छाननीनंतर साडेपाच लाखांच्या आसपास आला. गळालेल्यांत दुबार नावे आणि मतदारयादीत नसलेली नावे बरीच होती हे खरे, पण कारण न सांगता परत पाठवलेल्या माणसाला त्या हिशेबाने समाधान मिळत नाही.

आता रूढ ग्रहाकडे वळू. तीन पौंडवाल्यांनी पक्ष पळवला आणि कट्टर डाव्या विचारांचे खासदार जेरेमी कॉर्बिन यांना गादीवर बसवले, ही कथा ब्रिटनमध्ये इतक्यांदा सांगितली गेली की ती इतिहास म्हणून खपू लागली आहे. १२ सप्टेंबर २०१५ रोजी जाहीर झालेल्या निकालात कॉर्बिन यांना ४,२२,६६४ पैकी २,५१,४१७, म्हणजे ५९.५ टक्के मते पडली. नोंदणीकृत समर्थकांत त्यांना ८३.८ टक्के, संलग्न संघटनांमार्फत फुकट नोंदणी केलेल्या समर्थकांत ५७.६ टक्के आणि पूर्ण सदस्यांत ४९.६ टक्के मते होती. तीन पौंडवाल्यांची १,०५,५९८ मते सगळीच्या सगळी बाजूला काढली, तरी उरलेल्या ३,१७,०६६ मतांपैकी १,६२,९६८ कॉर्बिन यांच्याकडेच राहतात; हे प्रमाण ५१.४ टक्के होते आणि पहिल्याच फेरीत विजय मिळतो. नव्या ग्राहकांनी निकाल फिरवला नाही, त्याला भरघोसपणा दिला. शिवाय मतदानाचा हक्क मिळालेल्या १,१२,७९९ समर्थकांपैकी जवळपास ९४ टक्क्यांनी मत दिले, तर संलग्न समर्थकांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. फुकट मिळालेल्या हक्कापेक्षा तीन पौंडांचा हक्क लोकांनी अधिक जपून वापरला.

दोष शोधायचाच तर तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कोणता माल मांडायचा हे ठरवणाऱ्या खासदारांकडे सापडतो. उमेदवारीसाठी १५ टक्के खासदारांचा, म्हणजे ३५ जणांचा पाठिंबा लागत होता. कॉर्बिन यांना अर्जाची वेळ संपता संपता ३६ मिळाले आणि त्यांतील काही केवळ चर्चा व्यापक व्हावी म्हणून उसने दिलेले होते. सही करणाऱ्या मार्गारेट बेकेट यांनी पुढे स्वतःला जाहीरपणे मूर्ख म्हणवून घेतले. ज्याच्या हाताखाली काम करायची आपली तयारी नाही, त्याचे नाव मतपत्रिकेवर घालायचे आणि लोकांनी ते उचलले की लोकांना दोष द्यायचा, हा प्रकार मला तरी अप्रामाणिक वाटतो. जून २०१६ मध्ये खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. निवडीचा हक्क विकला, पण निवडलेला नेता चालवून घेण्याची हमी त्यात नव्हती.

त्यानंतर नेतेपदाची पुन्हा निवडणूक लागली आणि योजनेची दुसरी आवृत्ती पहिलीहून वाईट निघाली. किंमत पंचवीस पौंड आणि नोंदणीची मुदत फक्त ४८ तास, असे जुलै २०१६ मध्ये ठरले. त्याच वेळी १२ जानेवारीनंतर सदस्य झालेल्या सुमारे १,३०,००० जणांचा मतदानाचा हक्क काढून घेण्यात आला. नियमित वर्गणी भरूनही मत हवे असेल तर वर पंचवीस पौंड मोजा, असा त्याचा अर्थ होता. काही सदस्य न्यायालयात गेले, ८ ऑगस्टला उच्च न्यायालयात जिंकले आणि चारच दिवसांनी अपील न्यायालयात हरले. कायद्याने पक्षाची बाजू उचलून धरली असली, तरी विकल्यावर अटी बदलणाऱ्या विक्रेत्याबद्दल ग्राहकाचे मत काय होते, ते वेगळे सांगायला नको. एवढे करूनही १,८३,५४१ जणांनी अर्ज केले आणि पक्षाला ४५ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. कॉर्बिन ६१.८ टक्के मते मिळवून पुन्हा निवडून आले आणि या खेपेला पूर्ण सदस्यांतही त्यांना ५९ टक्के मते होती. किंमत वाढवून निकाल बदलत नाही, फक्त ज्याच्या खिशाला परवडत नाही तो बाहेर राहतो. डाव्या पक्षाला हे उमगू नये, याचे आश्चर्य वाटते.

२०२० मध्ये हीच पंचवीस पौंडांची आवृत्ती पुन्हा बाजारात आली, तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा हजार अर्ज आले आणि त्या मतदारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी मध्यममार्गी मानल्या गेलेल्या केअर स्टार्मर यांना पसंती दिली. पैसे भरून येणारा मतदार नेहमी टोकाचाच असतो, हा दावाही त्यामुळे निकालात निघतो. बाहेरचे लोक खरोखर निकाल फिरवतात ते कसे, हे पाहायचे तर इटलीकडे जावे. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षात २०२३ मध्ये सदस्यांच्या फेरीत स्टेफानो बोनाच्चिनी पुढे होते, पण दोन युरो देऊन कोणालाही मत देता येईल अशा अंतिम फेरीत एली श्लाइन जिंकल्या आणि पक्षाने तो कौल मान्य केला.

मजूर पक्षाने २०२१ मध्ये ब्रायटनच्या अधिवेशनात नोंदणीकृत समर्थक हा वर्ग रद्द केला आणि उमेदवारीची अट २० टक्के खासदारांवर नेली. यांपैकी दुसरा बदल मला पटतो, पहिला पटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपनेतेपदासाठी केवळ सदस्य आणि संलग्न समर्थक यांच्यात मतदान झाले, तेव्हा ते १६.६ टक्क्यांवर थांबले. सत्ताधारी पक्षातील उपनेतेपद आणि विरोधी पक्षातील नेतेपद यांची थेट तुलना करता येणार नाही, हे मान्य करूनही ही घसरण नजरेतून सुटत नाही. मूळ तीन पौंडांच्या योजनेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. छाननी पैसे घेण्याआधी आणि कारणासह झाली असती, तर साडेचार दिले असते. पंचवीस पौंडांच्या आवृत्तीला दीडच्या वर जाता येत नाही, आणि तो दीडही मतांच्या समान मूल्यासाठी.